शेवटच्या रकान्यातली नोंद

मामा, परवा तुझं तेरावं झालं. मामीनं आग्रह केला म्हणून पोटभर जेवले, दोन वडे जास्तच खाल्ले, आणि पंगतीत तुझी जी स्तुती चालली होती ती ऐकून माझं डोकं तापलं. तुझ्या कोर्टातले दोन निवृत्त कारकून आले होते. एक म्हणाला, "तीस वर्षांत या माणसानं एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही." दुसरा म्हणाला, "कितीही जुना निकाल मागा, सर स्वतःच्या हातानं काढून द्यायचे." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या आईनंही हलवली. तिनं का हलवावी, हे तूच मला सांग.

मी पायसम संपवलं आणि हात धुवायला उठले. तिथे तोंड उघडलं असतं तर मामीला लागलं असतं. म्हणून घरी येऊन लिहायला बसले आहे. तुला लागलं तर लागू दे.

हे मी सासरच्या मराठीत लिहिते आहे, ज्या मराठीवरून तू मला, तुझ्या पाप्पाला, चिडवायचास. "साताऱ्याचं मराठी बोललीस म्हणून मोठी झालीस कीं, पाप्पा?" आपली तंजावरची बोली मला बोलता येते, लिहिता येत नाही. आणि गेली नऊ वर्षं मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. तुझ्या ते लक्षात आलं होतं, मामीनं मला सांगितलंय. आज पुन्हा 'तू' म्हणते, कारण ज्याच्याशी मनासारखं भांडायचं त्याला मला 'तुम्ही' म्हणता येत नाही.

तुझी रेकॉर्ड रूम मला लहानपणापासून ठाऊक होती. मी दहा वर्षांची असताना एका शनिवारी तू मला घेऊन गेला होतास. छतापर्यंत गेलेले रॅक, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि मळकट कापडात बांधलेले गठ्ठे. निकाली निघालेला प्रत्येक दावा तिथे येऊन पडायचा. निकाल आणि हुकूमनामा एका गठ्ठ्यात, बाकीचे कागद दुसऱ्यात. बाकीचे काही वर्षांनी जाळायचे, हुकूमनामा ठेवायचा. मग तू ते मोठं रजिस्टर उघडलंस. दोन पानांवर पसरलेली एकेका दाव्याची एकेक ओळ, आणि अगदी उजवीकडे शेवटचा रकाना.

"हें भरलेलं दिसतं कीं?" तू बोट ठेवून म्हणालास. "म्हणजे हा मनुष्य पैसे देऊन सुटला. कोर्ट त्याला विसरलं."

"आणि हे कोरे आहेत ते?"

"ते अजून बांधलेले. बारा वर्षं. बारा वर्षांत सावकार कधींही येऊन कोर्टाला सांगूं शकतो, माझं वसूल करून द्या म्हणून."

मी त्या पानावरचे कोरे रकाने मोजले होते. सोळा निघाले. मला त्या सोळा माणसांची भीती वाटली होती, म्हणजे त्यांच्याबद्दल भीती वाटली होती. तू मला येताना समुद्रावर नेऊन उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल घेऊन दिलंस आणि माझी भीती गेली. हे सगळं मला आठवतं म्हणूनच तुझा राग येतो. दहा वर्षांच्या पोरीला जे तू समजावून सांगितलंस, ते माझ्या अप्पांना, तुझ्या सख्ख्या मेव्हण्याला, एका वाक्यात सांगता आलं नाही तुला?

अप्पांवरचं कर्ज हे त्यांचं कर्ज नव्हतंच. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, स्वतःसाठी कर्ज काढायची त्यांची छातीच नव्हती. त्यांच्या एका मित्रानं मद्रासला तिरुवल्लिकेणीत छापखाना टाकला, नरसिंहन नावाच्या म्हाताऱ्याकडून पैसे घेतले, आणि अप्पा जामीन राहिले. मित्र मशीन विकून पळाला. नरसिंहननी दावा लावला, निकाल अप्पांच्या विरुद्ध गेला. मी तेव्हा कॉलेजात होते. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, पण नरसिंहन चांगला माणूस होता. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. म्हणाला, "कोर्टाचं राहू दे, जमेल तसे द्या." अप्पांनी दोन वर्षं पगारातून तोडून दिले. दर वेळी म्हातारा एका चिठ्ठीवर लिहून द्यायचा. अशा एकोणीस चिठ्ठ्या आईनं बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या.

विसाव्या वेळी हिशोब पुरा झाला. आपल्यात रीत अशी की कर्ज फिटलं की लिहून दिलेली नोट धनकोनं समोर फाडायची. पण नोट तर कोर्टात, दाव्याच्या गठ्ठ्यात, तुझ्या रॅकवर. फाडायला हातात काही नव्हतं. म्हणून नरसिंहननी ताटात विडा, सुपारी, केळी आणि नारळ ठेवून अप्पांच्या हातात दिलं, आणि म्हणाले, "एल्लाम मुडिंजदु, वाद्यार." सगळं संपलं, मास्तर. त्या ताटावर अप्पा चिठ्ठी मागणार होते? माझे अप्पा? ते नारळ घेऊन घरी आले आणि आईनं त्याची बर्फी केली.

त्याच संध्याकाळी तू आलास. मी ओट्यावर बसून अभ्यास करत होते. अप्पांनी तुला बर्फी दिली, आईनं कॉफी आणली, आणि अप्पा म्हणाले, "अण्णा, नरसिंहनचं सगळं देऊन टाकलों. एक पैसा राहिला नाहीं."

तू डबऱ्यातून, त्या पसरट वाटीतून, पेल्यात कॉफी ओतत होतास. तू म्हणालास, "बरं झालं."

झालं. एवढंच. पुढे तू बर्फीत वेलची जास्त झाली म्हणालास आणि आई तुझ्यावर चिडली.

मामा, अप्पांची समजूत झाली की कोर्टाला कळवलं. हसू नकोस. अप्पांच्या लेखी कोर्ट म्हणजे तू. दहा ते पाच तू तिथे असायचास, तुझ्या धोतराला तिथल्या धुळीचा वास यायचा. तुला सांगितलं म्हणजे कोर्टाला सांगितलं, यात त्यांना शंकाच नव्हती. आणि तुझी समजूत काय होती? की मेव्हण्यानं वकिलामार्फत अर्ज केला असेल. एकानं सांगितलं म्हणून सोडून दिलं, दुसऱ्यानं न विचारताच सोडून दिलं. असली चूक फक्त आपल्या घरात होऊ शकते. कोर्टात ओळखीचं कुणी नसतं, तर अप्पा दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे गेले असते.

तुझं एक ब्रीद होतं ना, "कचेरीचं कचेरींत. घरीं नको." अख्ख्या मद्रासमधले आपले लोक तुझ्या मागे लागायचे, अमक्या निकालाची नक्कल काढून दे, तमकी फाईल बघून सांग. तू कुणाचाही कागद हातात घेतला नाहीस. नातेवाईकांचा तर नाहीच. याचा आम्हाला अभिमान होता. मी बँकेत लागले तेव्हा माझ्या अर्जावर सहीसुद्धा तू दुसऱ्या गॅझेटेड माणसाची आणायला लावलीस. माझी फी भरलीस, पुस्तकं आणलीस, अर्ज तीनदा माझ्याकडून लिहून घेतलास, पण तुझ्या साहेबाला शब्द टाकला नाहीस. मी तेव्हा म्हणायचे, माझा मामा असा आहे. छाती काढून म्हणायचे.

मग ते वादळाचं वर्ष. रात्रंदिवस पाऊस, आणि तुझ्या रेकॉर्ड रूममध्ये गुडघाभर पाणी. तू तीन दिवस घरी आला नाहीस. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आले तर व्हरांडाभर कागद पसरलेले, आणि तू लुंगी वर खोचून एकेक पान सोडवत होतास. मीही पदर खोचला. दिवसभर आपण दोघांनी ओले कागद वाळवले, दगड ठेवून ठेवून. तुझे डोळे लाल झाले होते. "हे कागद गेले तर माणसं काय म्हणून जगतील, पाप्पा," म्हणालास. मला ते फार मोठं वाक्य वाटलं होतं. त्या ढिगात अप्पांचा हुकूमनामा नसेल कशावरून? मीच त्याच्यावर दगड ठेवला नसेन कशावरून? नंतर कित्येक वेळा मला वाटलं, त्या वर्षी एक गठ्ठा, एकच गठ्ठा भिजू दिला असतास तर काय बिघडलं असतं.

नोटीस आली तेव्हा नरसिंहन वारून दोन वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा गुम्मिडिपूंडीला कारखान्यात होता, कारखान्याला टाळं लागलं, आणि घरात बसल्या बसल्या त्यानं बापाची ट्रंक उघडली. तीत हुकूमनाम्याची नक्कल, लाल शिक्क्यासकट. पैसे मिळाल्याचं त्याच्या बापानं कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ठेवणार कशाला, विडा दिला होता ना! बारा वर्षं भरायला चार महिने बाकी होते. पोरानं बजावणीची दरखास्त टाकली. व्याज धरून रक्कम तिपटीच्या वर गेली होती. मी त्या मुलाला शिव्या दिल्या, पण खरं सांगू, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्याच्या हातात कागद होता, आणि आमच्या हातात नारळाची आठवण.

अप्पांनी बिस्किटांचा डबा वकिलापुढे ठेवला. वकिलानं चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, नीट रचल्या आणि परत अप्पांकडे सरकवल्या. म्हणाला, "सार, मला पटतं. पण कोर्टाबाहेर दिलेले पैसे तीस दिवसांत कोर्टात नोंदवायचे असतात. नोंद नसेल तर बजावणी करणाऱ्या कोर्टाला या चिठ्ठ्या दिसतच नाहीत. तुम्ही वेगळा दावा लावू शकता. दहा वर्षं लागतील."

अप्पा त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. दहा वर्षं म्हटल्यावर ते नुसते हसले.

मग वकिलानंच हळूच सांगितलं, की मूळ रेकॉर्ड वर मागवलंय, आणि ते सापडत नाहीये असा शेरा दोनदा आलाय. असंच राहिलं तर तारखा पडत राहतील, मुलगा कंटाळेल, निम्म्यावर मिटेल. आमचं घर वाचेल. घर म्हणजे काय, दोन खोल्या आणि ओटा, पण अप्पांच्या नावावर होतं, आणि जप्ती त्याच्यावरच येणार होती.

आई तुझ्याकडे आली. मी तिच्याबरोबर होते. तू खुर्चीत पंचा खांद्यावर टाकून बसला होतास. आईनं तुझे पाय धरले नाहीत एवढंच. म्हणाली, "अण्णा, तूं कांहीं करूं नको. फाडूं नको, लपवूं नको. नुसतं शोधूं नको. एवढं पुरे."

तू म्हणालास, "हाताखालचीं दोघं शोधून थकलीं. आतां मलाच शोधा म्हणून लिहून आलंय. सांपडली तर सांपडली म्हणायला पाहिजे."

"तुला ठाऊक आहे कुठें आहे?"

तू खांद्यावरचा पंचा सारखा केलास. तुला ठाऊक होतं. वादळाच्या वर्षी वाळवलेले गठ्ठे घाईत भलत्या सालाच्या रॅकवर गेले होते, आणि हे त्या इमारतीत एकट्या तुला माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यात तू ती फाईल काढलीस, झटकलीस, नवीन दोरी बांधलीस आणि वर पाठवलीस. शेवटचा रकाना कोरा होता. कोर्टाच्या लेखी अप्पांनी एक पैसाही दिला नव्हता.

इतकी वर्षं सगळ्यांना वाटतं की मी तुझ्याशी बोलणं टाकलं ते त्या फाईलवरून. नाही रे. फाईलचं मी गिळलं असतं. तुझा धर्म होता तो, दात ओठ खाऊन का होईना, मी समजून घेतलं असतं. माझा राग त्या दिवसाचा नाही. तो तारखेच्या दिवशी सुरू झाला.

तारखेला मी बँकेतून रजा घेऊन अप्पांबरोबर गेले होते. समोरच्या वकिलानं त्यांना विचारलं, पैसे दिल्याचं तुम्ही कोर्टाला कधी कळवलंत का. अप्पा ताठ उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे. म्हणाले, "कळवलं. त्याच संध्याकाळी. माझे मेव्हणे कोर्टातच आहेत."

लोक हसले. मामा, सगळी खोली हसली. मागच्या बाकावरचे पक्षकार हसले, शिपाई हसला, आमचा वकील खाली बघून हसला. अप्पांना आधी कळलंच नाही काय झालं. ते माझ्याकडे बघायला लागले, आपण काही चुकीचं बोललो का म्हणून. त्या क्षणी मला ओटा आठवला, बर्फी आठवली, तुझ्या पेल्यातला फेस आठवला. तुला तीस दिवसांचा नियम माहीत होता. अख्ख्या मद्रासमध्ये तुझ्याइतका कुणाला माहीत नव्हता. आणि तू म्हणालास, बरं झालं. "नोंदवलंत का?" हे दोन शब्द बोलला असतास तर तुझं कुठलं व्रत मोडणार होतं? घरी कचेरीचं बोलायचं नाही म्हणून? त्या दोन शब्दांपायी माझा बाप कोर्टात हसण्याचा विषय झाला.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते. घर जप्त केल्याची दवंडी पिटावी लागते, कायदाच आहे तसा. तुझ्या कोर्टाचा अमीन, म्हणजे बेलीफ, ढोलवाल्याला घेऊन सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गल्लीत आला. त्यानं दारावर कागद चिकटवला. ढोल वाजला, शेजारच्या मॅन्शनमधली, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या लॉजमधली, सडी पोरं दात घासत गच्चीवर आली. अमीननं अप्पांचं नाव, अप्पांच्या बापाचं नाव, घराचा नंबर, सगळं मोठ्यानं वाचलं. मग आत येऊन अप्पांना म्हणाला, "मन्निच्चिडुंगो सार," माफ करा म्हणाला, आणि पाणी मागितलं. आईनं त्याला ताक दिलं. अप्पा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी हातात ब्रश धरायला शिकवलं होतं.

लिलावाची वाट न बघता घर त्या मॅन्शनवाल्यालाच विकलं. दुसऱ्यांदा सगळं कर्ज फेडलं. उरलेल्यात एन्नोरला भाड्याची जागा घेतली, कारण तिथेच परवडत होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर विजेच्या कारखान्याची राख बसायची. अप्पांनी तिथे आल्यावर रंगांची पेटी उघडली नाही. चार वर्षं खोकले आणि गेले. मी त्यांना आमच्याकडे चला म्हणत राहिले, जावयाच्या घरी राहायला ते तयार झाले नाहीत. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण तो त्यांच्याशी बोलून झालाय. रोज बोलते मी त्यांच्याशी.

मधली एक गोष्ट मात्र मी नऊ वर्षं कुणाला सांगितली नाही. दुसऱ्यांदा पैसे दिले त्या दिवशी तू अर्ध्या दिवसाची रजा टाकलीस. आयुष्यात पहिल्यांदा एका नातेवाइकाचा कागद हातात घेतलास. पक्षकारांच्या रांगेत उभा राहिलास, स्वतःच्याच कोर्टात, स्वतःच्याच हाताखालच्या पोरांसमोर. दरखास्त करणाऱ्याची सही घेतलीस, अर्ज आत दिलास, आणि नोंद होईपर्यंत हलला नाहीस. आठवडाभरानं नक्कल घेऊन आमच्याकडे आलास. आईच्या हातात दिलीस. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "आता वेळ मिळाला का तुम्हाला?"

तो पहिला 'तुम्ही'. तू चप्पल घातलीस आणि गेलास. आईनं कॉफी ठेवली होती, ती तशीच निवली. मी तुला अडवलं नाही. मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर लग्नकार्यात भेटलो, नमस्कार केले, "कसे आहात" म्हटलं. तू निवृत्त झालास, तुझा खोकला वाढला, कागदांची धूळ शेवटी छातीत बसली. मामीचा निरोप आला, "तुझी आठवण काढतात, येऊन जा." मी दोन निरोप टाळले. तिसऱ्याला आले, दुपारी, सैदापेठला, बँकेतून परस्पर.

तू पलंगावर इतका लहान दिसत होतास. मी खुर्ची ओढून बसले. मामी आत गेली. तू माझ्याकडे न बघता बोलायला लागलास, जणू तितकी वर्षं तेच वाक्य तोंडात धरून बसला होतास.

"त्या दिवशीं अप्पा सांगितले कीं नाहीं, सगळं देऊन टाकलों म्हणून. मला वाटलं, आतां हे म्हणतील, अण्णा, तेवढं कोर्टांत तुम्हीच बघून घ्या. म्हणून मी लवकर बरं झालं म्हणालों. विषय बंद केलों." मग खोकलास. "ते कांहीं मागणारच नव्हते. मी भ्यालों उगीच."

एवढंच होतं तर ते. नऊ वर्षं मी तुझ्या त्या दोन शब्दांत काय काय शोधलं होतं. गर्व, आळस, निष्काळजीपणा, आईवरचा जुना राग. आणि निघालं काय, तर आपला सज्जन मेव्हणा आपल्याकडे काहीतरी मागेल ही भीती. इतक्या लोकांनी तुला इतक्या वेळा मागून मागून सतावलं होतं, की न मागणारा माणूस समोर बसला तरी तू दार लावून घेतलंस.

मला संताप यायला हवा होता. आलाही. पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी झालं. तुझा हात चादरीवर होता, बोटांना अजून दोरीचे घट्टे होते. मी तो हात हातात घेतला. मामीनं रसम-भात मऊ करून आणला, तो तुला चार घास भरवला. मनात म्हटलं, झालं, मिटलं. पुरे. तोंडानं काय म्हटलं? "गोळ्या वेळेवर घे." 'घे' म्हटलं, 'घ्या' नाही, आणि मला वाटलं तेवढ्यात तुला सगळं कळलं असेल. साडेपाचची बस पकडून मी घरी आले. वाटलं, पुढच्या रविवारी जाऊ तेव्हा बोलू. पुढच्या रविवारी पाहुणे आले. अकराव्या दिवशी तू गेलास.

परवा पंगतीत माझं डोकं तापलं ते तुझ्या स्तुतीमुळे, असं मी वर लिहिलंय. ते अर्धं खरं आहे. वडे वाढता वाढता मामी मला म्हणाली, "शेवटपर्यंत विचारत होते, पाप्पा कांहीं म्हणाली कीं? मनांत ठेवून गेली कीं काय?" तिथे मला कळलं की मीही माझ्या बापाचीच लेक. मीही घरातल्या घरात मिटवलं, रसम-भातावर मिटवलं, समोरच्याला कळलंच असणार असं धरून चालले, आणि नोंदवलं नाही. आणि तूही माझाच मामा. मला विचारलं नाहीस, मामीला विचारत बसलास.

पण मला तुझे नियम पाठ आहेत, मामा. तूच शिकवलेस. पैसे पोचले की ते कोर्टाला सांगायचं काम आधी ज्याला मिळाले त्याचं. नरसिंहननी ते केलं नाही, विडा देऊन मोकळे झाले. या खेपेला येणं माझं होतं. सैदापेठला मी आले त्या दुपारपासून आज पंचविसावा दिवस आहे. मुदत तीस दिवसांची. मी मुदतीच्या आत आहे.

म्हणून लिहून देते, की अप्पांच्या त्या संध्याकाळबद्दल तुझ्याकडून माझं जे येणं होतं, ते मला पूर्ण पोचलं. काही बाकी नाही. राग आहे, तो राहील, अप्पांच्या खोकल्याचा राग मला सोडता येणार नाही. पण येणं नाही. माझ्यामागे माझ्या मुलांनी तुझं नाव काढून तगादा लावू नये, म्हणून हे त्यांनाही वाचून दाखवणार आहे. उद्या सैदापेठला जाऊन मामीलाही वाचून दाखवणार आहे, मोठ्यानं, आणि तिची सही साक्षीदार म्हणून घेणार आहे.

लिहून देणार, पाप्पा.

लिहून घेणाऱ्याच्या सहीची जागा खाली सोडली आहे. ती कोरी राहणार. आता सांग, मी कुणावर चिडू?